पुलाखालची पिवळी फुलं

११ मे, शनिवार

आज दोन गोष्टी झाल्या. आईचा फोन आला आणि मला एक पिवळं फूल सापडलं. आधी फुलाचं लिहिते.

बोट सध्या लंडनबाहेर, रिकमन्सवर्थच्या अलीकडे बांधली आहे. बोट मैत्रिणीची, साराची. ती सप्टेंबरपर्यंत पोर्तुगालला आहे, तोवर बोट मी सांभाळायची आणि दर पंधरवड्याला पुढे न्यायची, कारण कालव्यावर एका जागी फार दिवस राहू देत नाहीत. माझ्यासारखीला याहून बरा पत्ता कोण देणार? तर सकाळी दूध आणायला निघाले आणि एक बगळा दिसला. तो थोडं उडायचा, थांबायचा, परत उडायचा. मी त्याच्या मागे. चेस नदी आली, नदीला मिळणारा ओढा आला, आणि ओढ्याच्या काठाने झाडीत शिरल्यावर बगळा कुठेतरी गेला. दूध राहिलंच.

आत इतकी सावली होती की पाणी काळं दिसत होतं. आणि त्या काळ्यावर एक पिवळं फूल. पाच पाकळ्या, आणि प्रत्येकीला मागे एक लांब, सरळ शेपटी, जसं काही फूल जोरात पुढे पळतंय आणि शेपट्या मागे राहिल्यात. थोडं पुढे आणखी एक. मग चार-पाच एकत्र.

फोटो काढून फोनलाच विचारलं. उत्तर आलं, कोलंबाइन. खाली लिहिलं होतं: नेटिव्ह, पिवळी फुलं, सावलीतल्या ओढ्यांच्या काठी वाढते. मी सावलीत, ओढ्याच्या काठी उभी. एवढं वाचून पुरे झालं. बाकीचं वाचायचं होतं पण पाण्यात एक ट्राउट मासा दिसला.

आता आईचं. ती लग्न करतेय. पुण्यात. मुरलीधर नावाचे गृहस्थ आहेत, बँकेतून रिटायर झालेले, तिच्या रविवारच्या टेकडीवाल्या ग्रुपमधले. रजिस्टर लग्न आहे, त्याची महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते.

"तू येणार असशील तरच नोटीस देते," म्हणाली. "नसशील तर राहू दे. आमचं काही अडलेलं नाही."

मी म्हटलं, "आई, रेंज जातेय."

रेंज पूर्ण होती.


१२ मे, रविवार

झोप नीट लागली नाही, म्हणून लिहून टाकते.

आई पुण्याला गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तीन महिन्यांसाठी गेली होती. परतीचं तिकीट काढलेलं होतं, मी स्वतः बघितलं होतं. मग तिनाचे सहा झाले आणि मग कुणी मोजेना. चार वर्षांपूर्वी आई-बाबांचा घटस्फोट झाला, पण मी तेव्हा म्हटलं, कागद आहे, कागदाचं काय. गेली ती गेली, पण "मी आता येणार नाही" असं काही ती मला कधी म्हणाली नाही. लग्न केलं की ते म्हटल्यासारखंच होईल.

आणि तिने ते माझ्यावर ठेवलंय. म्हणजे मी गप्प बसले तर ते होणारच नाही. किती सोपं आहे.

कॅफेत आज शिफ्ट होती. चार कप फोडले.


१६ मे, गुरुवार

गुरुवार म्हणजे नदीचा दिवस. नदीवाल्या स्वयंसेवकांकडे मी मार्चपासून जाते. खरं कारण केक, आणि ते छातीपर्यंतचे रबरी बूट घालायला मिळतात. आज बाल्सम (तेरड्याची बहीण) उपटायची होती. ती हिमालयातून आलेली, इथे काठ खाऊन टाकते.

"म्हणजे आपलीच की," मी म्हटलं.

"आपली असेल," नकुल म्हणाला, "पण ती दुसऱ्याला बसायला जागा नाही देते."

नकुल आमचा म्होरक्या. जन्म इथल्याच पिनरचा, नोकरी झाडं मोजण्याची. मराठी आजीकडून शिकला आणि ते अर्धवट सोडलं. माझ्याशी हट्टाने मराठीच बोलतो. चहाच्या वेळी मी त्याला फोटो दाखवला. मनात काय काय बांधून ठेवलं होतं! असं फूल इथे आधी कुणाला दिसलंच नसेल, तर? नकुल दचकेल, कुठेतरी माझं नाव लागेल, आणि मी आईला सांगेन की इथे एक फूल निघालंय, ते फक्त मे-जूनमध्ये असतं, बघायला ये. नोटिशीच्या आधी ये.

नकुलने फोटो मोठा केला, शेपट्या बघितल्या आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"हा इथला नाही आहे."

"नेटिव्ह लिहिलंय."

"कुठला नेटिव्ह? खाली वाच."

वाचलं. ॲरिझोना. न्यू मेक्सिको. तिथल्या दऱ्यांतल्या ओढ्यांच्या काठी. आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी फोनमध्ये डोकावून इतकं हसून घेतलं की माझा केक तसाच राहिला.

"अगं, चिडू नकोस," नकुल म्हणाला. "पिवळा तर पिवळा, पण आला कसा? ते इंटरेस्टिंग आहे. आपला इथला कोलंबाइन जांभळा असतो. शेपटी आखूड, आणि हुकसारखा वाकलेला. तो याच ओढ्यावर आहे, खाली, कुंपणाच्या पलीकडे. फार थोडा राहिला आहे. आणि या दोघांचं पटकन जमतं."

"जमतं म्हणजे?"

"मधमाशी इकडून तिकडे जाते. मग मुलं होतात. ना जांभळी, ना पिवळी. मग काही वर्षांनी खरा जांभळा उरत नाही."

"मग काय करणार?"

त्याने बाल्समच्या ढिगाकडे बघितलं.

मग म्हणाला, "आधी कुठून येतो ते शोधू. शनिवारी नाही जमणार, पुढच्या शनिवारी."


१९ मे, रविवार

पाऊस. बोट पुढे न्यायचा दिवस. लॉकमध्ये, म्हणजे बोट वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दरवाजांत, एका म्हाताऱ्याने दोरी कशी धरायची ते मला परत एकदा शिकवलं, मी परत एकदा विसरले.

आईने एका हॉलचा फोटो पाठवला. वीस खुर्च्या. "एवढ्यात होईल," असं खाली. मी अंगठा पाठवला. नंतर वाटलं, अंगठ्याचा अर्थ तिने काय घेतला असेल.


२५ मे, शनिवार

नकुलची पद्धत: ओढ्याच्या बाबतीत नेहमी उलटं चालायचं. बी पाण्याबरोबर खाली जातं, म्हणून आपण वर जायचं, आणि जिथे शेवटचं झाड दिसेल त्याच्या वर बघायचं. मी म्हटलं, हे आयुष्यालाही लागू आहे. तो म्हणाला, आयुष्यात रबरी बूट देत नाहीत.

पाण्यातूनच चाललो. त्याने भिंगातून शेपट्या बघितल्या, पट्टी लावली, पानं उलटी करून बघितली. मला प्रत्येक झुडपापाशी नकाशावर ठिपका द्यायचं काम. मी मधेच एका किंगफिशरच्या नादी लागले आणि दोन ठिपके गाळले. त्याने परत मागे नेलं. रागावला नाही. फक्त म्हणाला, "पाखराला नंतर बघ, तो इथेच राहतो."

आणि वर, लाकडी पुलाशी, फुलं संपली. पुलाच्या खाली भरगच्च. काँक्रीटची एक पायरी पाण्यात उतरते, तिच्या भोवती तर बसायला जागा नाही इतकी. पुलाच्या वर एकही नाही. आम्ही अर्धा तास शोधलं. नाहीच.

"कुणीतरी इथून टाकला आहे," नकुल म्हणाला. "वरती घरं आहेत का? बाग?"

"घरं रस्त्याच्या पलीकडे आहेत. मधे घोड्यांचं कुरण."

"तुला कसं माहीत?"

"आम्ही तिथे राहायचो. आई होती तेव्हा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, तसं काही नाही, आमच्याकडे बाग नव्हती. आई झेंडू लावायची आणि गोगलगायी तो खायच्या, एवढीच आमची बाग. शिवाय घरापासून इथपर्यंत बी काय चालत येणार?

"म्हणून तर म्हणतो, कुणीतरी आणला."

मग चिप्स खाल्ल्या. व्हिनेगर जास्त झालं. नकुलने विचारलं, आई कुठे असते? मी म्हटलं, पुण्यात, आणि तिचं लग्न आहे. त्याला वाटलं माझी मराठी चुकली.


२ जून, रविवार

बाबांकडे वॉटफर्डला. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे पोहे.

बाबांना लग्नाचं माहीत आहे. आईनेच सांगितलंय. ते म्हणाले, "अभिनंदन सांग तिला." मग कढीपत्ता चिरला. (चिरतात ते. आईला हे कधी आवडायचं नाही.) मग म्हणाले, "नको, मीच मेसेज करतो." मग गॅस बारीक केला. "नको, तूच सांग. माझं म्हणून नको सांगू."

"मग कुणाचं म्हणून सांगू?"

"वरदा, लिंबू काढ फ्रिजमधून."

खाता खाता मी फोटो दाखवत होते. बोटीचे, बगळ्याचा, नकुलचा एक (बाबा: "हा कोण?" मी: "बॉस." बाबा: "बॉसचे एवढे फोटो?"). आणि मग ते फूल.

"हे होय," बाबा म्हणाले. "हे गुरुवारचं फूल."

"काय?"

"दत्ताला गुरुवारी पिवळं लागायचं ना तिला. झेंडू गोगलगायी ठेवत नव्हत्या. मग त्या कोपऱ्यावरच्या बाईंनी हे दिलं, याला गोगलगाय तोंड लावत नाही म्हणाल्या. मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांच्या पाठीमागे होतं. तुला आठवणार नाही, तू कधी त्या बाजूला गेली नाहीस. डबा बाहेर ठेव म्हटलं की तुझं पोट दुखायचं."

मी फूल पूजेच्या ताटात बघितलं असणार. पण ताटात ते देठाशिवाय, शेपट्या खाली दाबलेल्या, कुंकू लागलेलं. मला वाटायचं, दुकानातलं आहे.

"आणि मग ते ओढ्यावर कसं?"

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले. "अगं, निर्माल्य कचऱ्यात टाकायची नाही ती! वाहत्या पाण्यातच पाहिजे. दर शुक्रवारी पिशवी घेऊन पुलावर. फुलं, देठं, सुकलेली बोंडं, सगळं. शेजारच्या माणसाने एकदा मला अडवून विचारलं, तुमची बायको ओढ्यात काय टाकते, हे फ्लाय-टिपिंग आहे, चोरून कचरा टाकणं. मी त्याला काय सांगणार? म्हटलं, देवाची पोस्ट आहे."

मग हसू संपलं. ते म्हणाले, "जायची ती लवकर, यायची मात्र उशिरा. मी कधी विचारलं नाही एवढा वेळ का लागतो."

पोहे छान झाले होते. थोडं मीठ कमी. मी दोनदा घेतले.

येताना ट्रेनमध्ये माझा स्टॉप चुकला.


६ जून, गुरुवार

नकुलला सांगितलं. वाटलं होतं, हसेल.

"निर्माल्य," तो म्हणाला. "माझा आजीपण टाकायचा. पिन नदीत."

"टाकायची."

"टाकायची. माझे डॅड गाडीत बसून राहायचे, लाजेने. इंजिन चालू."

मग तो बराच वेळ नकाशा बघत बसला. पुलाखाली ठिपक्यांची गर्दी, मग खाली खाली विरळ. म्हणाला, पुरावा नाही म्हणता येणार, पण पटतं. सुकलेल्या बोंडात बी असतंच, आणि एवढ्या वर्षांत पाण्याने एकेक करून खाली नेलं. सगळ्यात खालचं झुडूप जांभळ्यांपासून आता अगदी थोडं दूर आहे.

"शनिवारी काढू या," तो म्हणाला. "बोंडं पिकायच्या आधी."

"एक ठेव."

"वरदा."

"पुलाखालचं एकच. मी त्याची फुलं तोडत जाईन, बी धरूच देणार नाही."

"तू पुढच्या पंधरवड्यात कुठे असशील? बोट कुठे असेल?"

यावर मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. त्याच्या आजीबद्दलही बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू नाही आलीस शनिवारी तरी चालेल. मी करेन. नीट करेन."

आईचा मेसेज आहे: "सोमवारी ऑफिसात जाऊन येऊ म्हणतात हे. काय करू?"

हे. तिने "हे" लिहिलंय.


८ जून, शनिवार

गेले. नकुल यायच्या बरंच आधी गेले. पुलाच्या पायरीवर बसून फोन लावला.

"आई, तू निर्माल्य या ओढ्यात टाकायचीस?"

"हे विचारायला फोन केलास? काय झालं, बाबांना दंड आला का?"

कॅमेरा फिरवला. पिवळ्यांवर धरला. तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"अगं बाई," ती म्हणाली. "अजून आहेत?"

"खूप आहेत. खालपर्यंत गेलीत."

"मी म्हणत होते मागच्या दारची तरी कुणी ठेवली असतील का. ही तर माझ्या लक्षातही नव्हती." मग म्हणाली, "पायरी तीच आहे. तिथेच बसायचे मी."

"एवढा वेळ काय करायचीस?"

"काही नाही गं. तिथे कुणी हाक मारायचं नाही, एवढंच. बसायचे. मग वाटायचं आता उठावं. मग उठायचे. नंतर नंतर उठणं जमेना."

मी तेव्हा कुठे होते, हे आठवायचा प्रयत्न केला. शाळेत असेन. किंवा घरात, टीव्ही लावून, ती कधी येते आणि खायला कधी देते याची वाट बघत. हाक मारणारी मीच असणार.

"आज ही उपटणार आहेत," मी म्हटलं. मला वाटलं, ती म्हणेल नको. एक तरी ठेवा म्हणेल.

"का?"

सांगितलं. जांभळ्यांचं, मधमाशीचं, सगळं.

"मग काढा बाई," ती म्हणाली. "त्यांचं घर आहे ते. मला काय माहीत बी रुजेल? मी आपली वाहून जाईल म्हणून टाकत होते."

पाण्याचा आवाज तिला ऐकू जात होता का माहीत नाही. मी म्हटलं, "आई, सोमवारी नोटीस दे."

"तू येशील?"

"येईन."

"नक्की? का परत रेंज जाणार?"

"नाही जाणार."

मग ती रडली, मी नाही. मला पायरीवरून उठायचं होतं, कारण नकुल कुरणातून येताना दिसत होता, दोन फावडी आणि फ्लास्क घेऊन. त्याने एक फावडं माझ्या हातात दिलं.

कोलंबाइनचं मूळ मुळ्यासारखं असतं, जाड आणि खोल. नुसतं ओढलं तर वरचा भाग हातात येतो आणि खालचा राहतो, पुढच्या वर्षी परत उगवतो. बाजूने माती मोकळी करायची, बोटं खाली घालायची, आणि मग हळू. नकुलने एकदा दाखवलं. मला जमलं. आश्चर्य म्हणजे मधे पाखरू आलं तरी मी वर बघितलं नाही.

पुलाखालची मी काढली. नकुल खालच्या बाजूला गेला, आपण होऊन.

दुपारी त्याने मला कुंपणापलीकडचे जांभळे दाखवले. लहानसे, मान खाली घातलेले. सुंदर आहेत असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरे आहेत."

"वेळ लागतो," तो म्हणाला.


१० जून, सोमवार

नोटीस दिली. दोघांचा ऑफिसबाहेरचा फोटो आला. मुरलीधरकाका (आता काकाच म्हणावं लागेल) उन्हात डोळे बारीक करून उभे आहेत, आईची पर्स त्यांच्या हातात. तिकीट बघितलं, महाग आहे. बाबा म्हणाले, मी काढतो. मी म्हटलं, तुम्ही? ते म्हणाले, "मग काय, तिला लेकीशिवाय लग्न करायला लावू?"

संध्याकाळी आईचा मेसेज: "तुला साडी घेतलीय. ब्लाऊज इथे शिवून ठेवते, माप पाठव. माझ्याकडे तुझं चौदाव्या वर्षाचं आहे."

बोटीवर टेप नाही. सुतळी गुंडाळली, गाठ मारली, मग साराच्या लाकडी पट्टीवर धरली. छाती, कंबर, बाही, पाठ. पाठ एकटीने मोजणं अशक्य आहे. खिडकीच्या कडीला सुतळी अडकवून शेवटी जमवलं. सगळं पाठवलं.

"पाठीचं चुकलंय. परत मोज."

परत मोजलं. तेवढंच.

"नाही गं, एवढी कशी असेल? खांद्यापासून मोजलीस ना?"

"तेवढीच आहे, आई. दोनदा मोजली."

फोनमध्ये एवढी वर्षं तिला माझं फक्त तोंडच दिसत आलंय.

ती टाइप करतेय असं दिसायचं, बंद व्हायचं, परत दिसायचं. बाहेर एक बोट गेली, आमची हलली, सुतळी टेबलावरून खाली पडली. मी उचलेपर्यंत उत्तर आलं होतं.

"मोठी झालीस गं."